वाड्यातली फियाट : जपावी कशी, सोडावी कशी?

मराठवाड्यातील जुन्या घरांच्या अंगणात एक दृश्य अजूनही अधूनमधून दिसते. पत्र्याच्या छपराखाली, कापसाच्या गोण्या आणि वापरातून गेलेल्या औतांच्या शेजारी, ताडपत्रीखाली झाकलेली एक मोटार उभी असते. चाकांतील हवा केव्हाच गेलेली असते, काचांवर धुळीचा थर साचलेला असतो आणि बॉनेटखाली उंदरांनी संसार थाटलेला असतो. गेवराईसारख्या तालुक्याच्या गावात अशी गाडी म्हणजे केवळ लोखंड नव्हे. आळीत एकच मोटार असण्याच्या काळात हीच गाडी नवरदेवाला घेऊन गेलेली असते आणि रात्री-अपरात्री गल्लीतल्या आजाऱ्याला बीडच्या दवाखान्यात पोहोचवून आलेली असते. गाडी घेणारे आजोबा आता नसतात, मुले पुण्याला किंवा संभाजीनगरला स्थायिक झालेली असतात. मग दिवाळीला सगळे जमले की प्रश्न निघतो : हिचे आता काय करायचे?

बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर पुढल्या दिवाळीवर ढकलले जाते. गाडी जपणे हा एक निर्णय आहे आणि तिला निरोप देणे हाही एक निर्णय आहे. मात्र काहीच न ठरवणे हे दोन्हींपेक्षा महागात पडते. गाडी गंजत राहते, नोंदणीची मुदत संपते, मूळ मालकाच्या निधनानंतर कागदांवरील नाव तसेच राहते आणि एखाद्या दिवशी भंगारवाला ती वजनावर ओढून नेतो. त्यानंतर त्या क्रमांकाचे काय झाले, हे कोणालाच सांगता येत नाही. हे टाळायचे असेल तर यंत्राची आणि कायद्याची काही माहिती हाताशी असणे आवश्यक आहे.

तिकडे ताकद, इकडे प्रतीक्षा

अमेरिकेत जुन्या गाड्यांचे वेड म्हटले की 'मसल कार' डोळ्यांसमोर येते. १९६४ मध्ये बाजारात आलेली पाँटियाक जीटीओ ही या वर्गातील पहिल्या गाड्यांपैकी एक मानली जाते. मध्यम आकाराच्या सांगाड्यात तब्बल ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन बसवून ती तयार झाली होती. पुढे डॉज, प्लिमथ, शेव्हर्लेट अशा सर्वच नाममुद्रांनी ही स्पर्धा रंगवली. १९७३ चे तेलसंकट, प्रदूषणाचे नियम आणि विम्याचे वाढते हप्ते यांनी ती ओसरली. आज त्या काळच्या गाड्या तिथे हौसेने जपल्या जातात आणि त्यांची मोठ्या रकमांना खरेदी-विक्री होते.

त्याच वर्षी, १९६४ मध्ये, मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यातून 'फियाट ११०० डिलाइट' बाहेर पडू लागली. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये ही कंपनी स्थापन झाली होती. गंमत अशी, की या कंपनीचा पहिला करार अमेरिकेच्या क्रायस्लरशी होता आणि सुरुवातीला तिने डॉज व प्लिमथ याच नावांच्या मोटारी जोडल्या. पुढे इटलीच्या फियाटशी सहकार्य झाले आणि महाराष्ट्राच्या रस्त्यांवर छोटी मोटार आली. १९७२ मध्ये तिचे नाव 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी' झाले. लोकांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत 'फियाट' हेच नाव राहिले.

इंजिन अवघे १०८९ सीसीचे, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. आकड्यांच्या हिशेबाने तिची जीटीओशी तुलनाच होऊ शकत नाही. परंतु परवाना राजवटीत मोटारींची आयात जवळपास बंद होती आणि देशात अँबेसेडर, फियाट व स्टँडर्ड अशा मोजक्याच गाड्या तयार होत. पैसे भरूनही गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हे चित्र पालटू लागले. म्हणूनच अमेरिकन कुटुंब जुन्या मसल कारकडे ज्या नजरेने पाहते, त्याच नजरेने मराठवाड्यातील कुटुंब स्टिअरिंगवर गिअरचा दांडा असलेल्या फियाटकडे किंवा गोलमटोल अँबेसेडरकडे पाहते. तिथे अभिमान वेगाचा असतो, इथे गाडी मिळाल्याचा.

या गाड्यांचा काळ आता अधिकृतपणेही संपला आहे. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले, तर अँबेसेडरचे मे २०१४ मध्ये. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीसाठी असलेली २० वर्षांची मर्यादा पूर्ण होताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली.

पंधरा वर्षांचा गैरसमज

'पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात घालावीच लागते,' असे अनेकजण खात्रीने सांगतात. महाराष्ट्रातील खासगी गाडीच्या बाबतीत हे खरे नाही. हा समज दोन ठिकाणांहून आला आहे. दिल्ली व परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांनी निर्बंध आले, त्याच्या बातम्या देशभर पसरल्या. दुसरे असे, की १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांचे नोंदणी-नूतनीकरण बंद करण्यात आले. गेवराईतील घरगुती मोटारीला या दोन्ही गोष्टी लागू होत नाहीत.

मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडीची तपासणी होऊन ती दर पाच वर्षांनी वाढवून मिळते. त्यासाठी नमुना २५ मधील अर्ज मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत करता येतो. गाडी प्रत्यक्ष तपासणीसाठी न्यावी लागते. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, धूर, सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक या गोष्टी पाहिल्या जातात. गेवराईकरांसाठी हे काम बीडच्या परिवहन कार्यालयात होते.

खर्च मात्र वाढला आहे. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मधील अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. शिवाय पंधरा वर्षांवरील खासगी गाडीला राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो आणि उशीर केल्यास जादा आकारणी होते. ज्यांची गाडी दहा-बारा वर्षे छपराखाली उभी आहे, त्यांनी आधी कार्यालयात जाऊन एकूण थकबाकी किती, हे विचारून घ्यावे. इंजिनाचे काम काढण्यापूर्वी हा आकडा हाती असणे चांगले. अनेक घरांत हे उलट्या क्रमाने होते. गाडी रंगवून चकचकीत होते आणि मग कागदांचा डोंगर समोर उभा राहतो.

आणखी एक अडचण जुन्या नोंदींची आहे. १९८९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना तीन इंग्रजी अक्षरांचा क्रमांक असे. बीडचा 'एमएच-२३' हा संकेत त्यानंतरचा आहे. कापडी बांधणीच्या जुन्या आरसी पुस्तकातील नोंद संगणकावर चढलेली नसेल, तर ती आधी चढवून घ्यावी लागते. त्याशिवाय नूतनीकरण, हस्तांतरण किंवा रद्द करणे, यांपैकी काहीच पुढे सरकत नाही. पुस्तक हरवले असेल, तर पोलिसांत तक्रार नोंदवून दुय्यम प्रत मिळवणे हे पहिले काम ठरते.

चालती गाडी हीच जपलेली गाडी

यंत्राबाबत जाणकार मिस्त्री पहिली गोष्ट हीच सांगतात, की उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. याची कारणे साधी आहेत. तेल खाली उतरते आणि सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडून गंजतात. ब्रेकचे तेल हवेतील पाणी शोषून घेते आणि चाकांतील छोटे सिलिंडर जाम होतात. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. बॅटरी उतरते. पेट्रोल उडून जाते आणि त्याचा चिकट गाळ कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो.

म्हणून गाडी ठेवायची असेल तर पंधरवड्यातून एकदा ती दहा-पंधरा किलोमीटर चालवावी. नुसती जागेवर सुरू करून पाच मिनिटांत बंद करणे अपायकारक असते. इंजिन पुरते तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचते आणि तो आतून कुजतो. पाडळशिंगीपर्यंत जाऊन येणे हे त्या मानाने फार गुणकारी औषध आहे. अर्थात, सार्वजनिक रस्त्यावर गाडी आणायची तर नोंदणी चालू असणे आणि किमान तृतीय पक्षाचा विमा असणे बंधनकारक आहे.

गेवराईची हवा या कामी बरीचशी अनुकूल आहे. गोदावरी तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहत असली, तरी हा पर्जन्यछायेचा कोरडा प्रदेश आहे. मुंबई-कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत पत्रा जितक्या झपाट्याने कुजतो, तितका तो इथे कुजत नाही. त्यामुळे मराठवाड्यातील जुन्या गाड्यांचा सांगाडा अनेकदा धडधाकट निघतो. उन्हाळा मात्र कसोटी पाहतो. पारा चाळिशीच्या वर गेला की काचांचे रबर, सीटचे रेक्झीन आणि डॅशबोर्ड तडकतात. काळ्या मातीची धूळ एअर फिल्टर भरून टाकते. पावसाळ्यात तोच चिखल चाकांवरच्या पत्र्याच्या आत चिकटून ओलावा धरून ठेवतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. पावसात गाडी नेली असेल, तर खालून धुऊन कोरडी करणे हाच त्यावर उपाय होय.

उन्हाळ्यात जुन्या फियाटला आणखी एक खोड असते. चढावर किंवा गर्दीत इंजिन तापले की पंपातील पेट्रोलची वाफ होते, इंधन पुढे सरकत नाही आणि गाडी रस्त्यातच थांबते. जुने चालक पंपावर ओले फडके ठेवून दहा मिनिटे वाट पाहत, त्यामागे हेच शास्त्र होते. रेडिएटर साफ असेल आणि पंख्याचा पट्टा घट्ट असेल तर ही वेळ क्वचितच येते. तालुक्यातील बोअरचे पाणी बहुधा जड असते. ते रेडिएटरमध्ये ओतले की क्षारांचा थर जमतो आणि नळ्या अरुंद होतात. तिथे शुद्ध केलेले पाणी आणि कूलंट यांचे मिश्रणच वापरावे.

बाकी निगा फार अवघड नाही. समोरच्या सस्पेन्शनच्या निपलमध्ये वेळच्या वेळी ग्रीस भरावे. इंजिनात जुन्या यंत्राला मानवणारे जाड तेल असावे आणि गाडी कमी चालली तरी ते वर्षातून एकदा बदलावे. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट घासून त्यांचे अंतर नीट करावे. ब्रेकचे तेल दोन वर्षांनी बदलावे. या गाड्यांच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि पावलाच्या जोराला मदत करणारी यंत्रणा नाही, ही गोष्ट चालवणाऱ्याने विसरता कामा नये. धुळे-सोलापूर महामार्ग आता चौपदरी झाला आहे. त्यावरील वेगात पुढची नवी गाडी जितक्या अंतरात थांबते, तितक्या अंतरात मागची फियाट थांबत नाही.

टायरचा नक्षा शाबूत दिसला म्हणून टायर चांगला असे समजू नये. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा कोरलेला असतो. त्यातील पहिले दोन अंक आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दाखवतात. '२३१९' असे असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. उन्हात उभ्या गाडीचे रबर न वापरताही म्हातारे होते.

गाडी दोन-तीन महिने उभीच राहणार असेल, तर ती घोड्यांवर चढवून चाके जमिनीपासून सोडवावीत, बॅटरीची तार काढून ठेवावी आणि सायलेन्सरच्या तोंडाशी जाळी लावावी. झाकायला प्लास्टिक न घेता सुती कापड घ्यावे. प्लास्टिकखाली घाम धरतो. कापूस, सरकी किंवा धान्य त्याच छपराखाली असेल तर उंदीर येणारच आणि त्यांना वायरिंगचे वेष्टण विशेष आवडते. गाडी आणि धान्य यांची जागा वेगळी ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

उसाचे इंधन आणि जुन्या नळ्या

या गाड्या ज्या पेट्रोलसाठी तयार झाल्या, ते पेट्रोल आता मिळत नाही. २००० साली देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार झाले. प्रकृतीच्या दृष्टीने ते योग्यच झाले, पण जुन्या इंजिनांतील व्हॉल्व्हच्या बैठकींना त्या शिशाचे संरक्षण मिळत असे. इंजिन उघडण्याची वेळ आली तर कठीण धातूच्या बैठकी बसवून घेणे शहाणपणाचे ठरते.

दुसरा बदल ताजा आहे. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. हे इथेनॉल उसापासून आणि मका-तांदळासारख्या धान्यांपासून तयार होते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि त्यांत गेवराई तालुक्यातील वाड्या-तांड्यांवरची कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. त्यांच्या कोयत्याखालून गेलेल्या उसाचा काही अंश अशा रीतीने गावाच्या पेट्रोल पंपावर परत येतो. मात्र जुन्या फियाटला हे इंधन सहजी मानवत नाही.

इथेनॉल पाणी ओढून घेते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी धरलेले इथेनॉल टाकीच्या तळाशी बसते आणि पत्र्याच्या टाकीला आतून गंज चढतो. जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची गॅस्केट यांना ते फुगवते व मऊ करते. फुटलेल्या नळीतून तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. त्याशिवाय इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत दर लिटरमागे सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. आधुनिक गाडीचा संगणक इंधनाचे प्रमाण आपोआप सांभाळतो, पण कार्बोरेटरचे छिद्र ठरलेलेच असते. परिणामी मिश्रण पातळ होते, गाडी ओढत नाही आणि जास्त तापते.

यावर उपाय आहेत आणि ते फार खर्चिक नाहीत. पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या सर्व नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या नव्या प्रकारच्या घ्याव्यात, पंपाचा पडदा बदलावा, मध्ये एक पारदर्शक फिल्टर बसवावा आणि जाणकाराकडून जेट जुळवून घ्यावा. गाडी उभी करण्याची वेळ आली तर टाकी रिकामी करावी. ज्यांना एवढेच काम करणे शक्य आहे, त्यांनी रंगाआधी हे करावे.

मिस्त्री आणि सुटे भाग

कागद आणि इंधन यांच्यानंतरचा खरा प्रश्न माणसांचा आहे. कानाने इंजिन ओळखणारे, पाना आणि फीलर गेज यांवर काम भागवणारे मिस्त्री आता उतारवयात आहेत. त्यांच्या गॅरेजमध्ये काम शिकणारी पोरे संगणकाला जोडून दोष शोधण्यात पारंगत आहेत. पॉइंट आणि कंडेन्सर त्यांनी क्वचितच पाहिलेले असतात. गाडी ठेवायची असेल तर घरातील एका तरी तरुणाने जुन्या मिस्त्रीजवळ बसून ही कामे शिकून घ्यावीत. या गाडीचा कोणताही भाग उघडता येतो आणि डोळ्यांनी समजून घेता येतो, हा तिचा मोठा गुण आहे.

सुटे भाग अजून मिळतात. लाखोंच्या संख्येने एकाच नमुन्याच्या गाड्या धावल्याचा तो फायदा आहे. पुण्याची नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याचा बाजार इथे क्लच प्लेट, ब्रेकचे भाग, पंप अशा वस्तू शोधल्यास सापडतात. दुर्मीळ झाले आहेत ते बाह्य भाग : मूळ जाळी, दिव्यांच्या कड्या, हबकॅप, चिन्हे, दारांच्या मुठी. डेंटिंग-पेंटिंगच्या वेळी हे भाग काढून कोपऱ्यात टाकले जातात आणि हरवतात. ते खोक्यात घालून, चिठ्ठी लावून ठेवावेत. पुढे गाडी विकायची झाली तर किमतीतील मोठा फरक याच खोक्यामुळे पडतो.

'व्हिंटेज' कोणाला म्हणावे?

जुनी गाडी दिसली की तिला 'व्हिंटेज' म्हणण्याची पद्धत आहे. कायद्यात या शब्दाला नेमका अर्थ आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ स्वरूपात ठेवलेली आणि सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी वा चारचाकीच व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. पुढील नूतनीकरणाला ५,००० रुपये पडतात. अशा गाडीला 'व्हीए' ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यापारी वापरास ती चालत नाही.

१९७४ मध्ये नोंदलेली पद्मिनी या हिशेबाने २०२४ मध्ये पात्रतेच्या उंबरठ्यावर आली. १९८५ च्या गाडीला २०३५ पर्यंत थांबावे लागेल. तोपर्यंत तिला नेहमीचे पाच वर्षांचे नूतनीकरणच करावे लागते.

इथे मराठवाड्यातील बऱ्याच गाड्या एका जुन्या काटकसरीमुळे अडतात. पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त होते, तेव्हा ग्रामीण भागात अनेकांनी जीप आणि अँबेसेडरमधील पेट्रोलचे इंजिन काढून दुसरे डिझेल इंजिन बसवून घेतले. त्या काळी ते व्यवहाराला धरूनच होते. आज मात्र अशा गाडीला मूळ स्वरूपाची म्हणता येत नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे इंजिन बदलाची नोंद आरसीवर नसेल, तर साध्या नूतनीकरणाच्या तपासणीतही क्रमांक जुळत नाही. खरेदी करणाऱ्यानेही गाडीच्या रंगाकडे पाहण्याआधी सांगाड्यावरचा आणि इंजिनावरचा क्रमांक आरसीशी ताडून पाहावा.

नाव आजोबांचे, जबाबदारी कोणाची?

वाड्यातली गाडी बहुधा दिवंगत व्यक्तीच्या नावावर असते. नियमानुसार मालकाच्या निधनानंतर वारसाने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये नाव बदलण्याचा अर्ज करावा. प्रत्यक्षात शेतीचा फेरफार तातडीने होतो आणि गाडी विसरली जाते. वीस वर्षांनंतर हे काम निघते तेव्हा वारसांची संख्या वाढलेली असते. आत्यांच्या, काकांच्या, चुलत भावांच्या संमती जमवाव्या लागतात. म्हणून हा विषय सगळे एकत्र असताना उघडपणे बोलून, लेखी करून टाकणे हितावह असते.

आरसीच्या पानावर आणखी एक जुनी नोंद डोकावत असते, ती म्हणजे कर्जाची. कर्ज १९८०च्या दशकात फिटलेले असते, पण बँकेचे नाव उतरवलेले नसते. मराठवाड्यात ते अनेकदा स्टेट बँक ऑफ हैदराबादचे असते. ही बँक १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. त्यामुळे बोजा उतरवण्याचा नमुना ३५ आणि ना-हरकत पत्र आता भारतीय स्टेट बँकेकडून घ्यावे लागते. बोजा असेपर्यंत गाडी ना विकता येते, ना नियमाने मोडीत काढता येते.

निरोप कागदावर

जपणे शक्य नाही, असे ठरले तर त्यात कमीपणा नाही. वर्षाला दोनदाही चालवणे होत नसेल आणि घरात पाना धरणारा कोणी नसेल, तर गाडी हौशी माणसाच्या हाती देणे हाच तिचा सन्मान आहे. ती चालू स्थितीत असतानाच विकावी. बंद पडलेल्या गाडीची किंमत खरेदीदार लोखंडाच्या भावात करतो आणि पद्मिनीचे वजन तर अवघे नऊशे किलोच्या आसपास आहे.

विक्री करताना 'सह्या करून दिल्या, गाडी दिली, विषय संपला' ही समजूत सर्वांत घातक आहे. विकणाऱ्याने राज्यांतर्गत व्यवहारात १४ दिवसांत नमुना २९ द्वारे कळवायचे असते आणि नमुना ३० वर दोघांच्या सह्या होऊन नाव बदलायचे असते. गाडी परराज्यात जात असेल तर नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. नाव बदलेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक जुनाच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेल्या एका निकालात हे स्पष्ट केले. त्या प्रकरणातील मोटार २००७ मध्ये विकली गेली होती, पुढे ती आणखी हातांतून गेली आणि २००९ मध्ये तिच्याकडून जीवघेणा अपघात झाला. नोंदणी पहिल्याच विक्रेत्याच्या नावावर राहिली होती, म्हणून भरपाईचे दायित्व न्यायालयाने त्याच्यावर ठेवले. गेवराईतून विकलेली गाडी पाच वर्षांनी दूरच्या जिल्ह्यात कोणाला धडकली, तर नोटीस वाड्याच्या दारी येऊ शकते. त्यामुळे खरेदीदाराच्या नावाची नवी आरसी डोळ्यांनी पाहीपर्यंत व्यवहार पुरा झाला असे मानू नये.

गाडी दुरुस्तीपलीकडे गेली असेल तर तिसरा मार्ग उरतो. सप्टेंबर २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रे आहेत. तिथे गाडी व कागद जमा केल्यावर ठेव प्रमाणपत्र मिळते, गाडी प्रत्यक्ष मोडल्यावर तसा दाखला मिळतो आणि नोंदणी रद्द होते. त्या ठेव प्रमाणपत्रावर नवी खासगी गाडी घेताना करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्रीय नियमांत आहे. दारावर येणारा भंगारवाला कदाचित चार पैसे रोख आणि लगेच देईल, पण तो नोंदणी रद्द करीत नाही. सांगाड्यावरील क्रमांकाचा तुकडा आणि आरसी चुकीच्या हाती पडली, तर चोरीची दुसरी गाडी त्याच क्रमांकावर फिरू शकते आणि चौकशी आजोबांच्या नावाने सुरू होते.

निरोपाच्या आधी एक काम घरच्यांनी जरूर करावे. गाडीची चारी बाजूंनी छायाचित्रे काढावीत, जुने आरसी पुस्तक परत करण्यापूर्वी त्याची प्रत ठेवावी आणि जुने बिल, विम्याचे पहिले कागद, कोणत्या वर्षी कोणत्या प्रवासाला गेली अशा आठवणी एका वहीत लिहून घ्याव्यात. पुढचा मालक हौशी असेल तर त्याला या वहीचीही प्रत द्यावी. गाडी दुसऱ्याच्या दारात उभी राहिली, तरी ती कोणाची होती आणि गेवराईत तिने काय पाहिले, एवढे त्यामुळे तिच्यासोबत राहील.